पायाखाली बघा, ही रत्नागिरी आहे!

मित्रांनो, एक कोडं घालू? एक दगड आहे. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा-ऊन लागलं की टणक होतो. अंगाला भोकंभोकं, रंग गंजलेल्या लोखंडासारखा. पावसाळ्यात पोटात पाणी शोषून घेतो आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. त्याचीच घरं, त्याचेच किल्ले, त्याच्यावरच आंब्याच्या बागा. आणि हजारो वर्षांपूर्वी माणसांनी याच दगडाची पाटी करून तिच्यावर चित्रं काढली! ओळखा पाहू.

कोकणातल्या दोस्तांनी केव्हाच ओळखलं असणार. बरोबर, जांभा!

सुट्टीत रत्नागिरीला जाणारी मंडळी समुद्र बघतात, देवदर्शन करतात, आंबापोळीचे पुडे बांधून घेतात आणि परततात. छानच आहे ते. पण या वेळी आपण जरा वेगळी सहल आखू. रत्नागिरीत मुक्काम ठेवायचा आणि रोज सकाळी एकेका दिशेला निघून संध्याकाळी परत यायचं. समुद्र तर दिसेलच, तो काही कुठे जात नाही. तुम्ही मात्र मधून मधून पायाखाली बघायचं. का, ते शेवटी कळेल.

आधी दगडाची ओळख

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे पाट वाहिले. ते थिजले आणि त्यांचा काळा कातळ झाला. सह्याद्रीचे कडे त्याचेच. कोकणात या काळ्या कातळावर लाखो वर्षं धो धो पाऊस आणि कडक ऊन यांचा मारा होत राहिला. पावसाच्या पाण्याने कातळातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली. मागे राहिलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. लोखंड ओलं राहिलं की काय होतं? गंजतं! म्हणून जांभा तांबडा.

१८०७ साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या नोकरीतल्या अभ्यासकाने केरळातल्या अशाच दगडाबद्दल लिहिलं. तिथले लोक या दगडाचे विटांसारखे ठोकळे कापून घरं बांधतात, हे त्याने पाहिलं होतं. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे, त्यावरून त्याने या दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटलं. आपल्याकडे त्या ठोकळ्याला ‘चिरा’ म्हणतात. चिरेबंदी वाडा हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल.

आणि जांभ्याचं जे उघडं, सपाट, मैलोन् मैल पसरलेलं पठार असतं, त्याला म्हणतात ‘सडा’. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला दिवस : शहरातल्या शहरात

सकाळी लवकर उठून रत्नदुर्ग गाठा. समुद्रात घुसलेल्या डोंगरावरचा हा किल्ला. तीन बाजूंना पाणी! आकार घोड्याच्या नालासारखा. बहामनी राजवटीत तो बांधला गेला असं सांगतात. पुढे आदिलशाही, शिवाजी महाराज, आंग्रे, पेशवे असे धनी त्याने पाहिले आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे, दुसऱ्या टोकाला दीपगृह आहे. तटाच्या भिंतीला हात लावून बघा. खडबडीत लागते ना? जांभाच तो. किल्ल्यासाठी दगड लांबून आणायला नको, पायाखालीच खाण!

तटावरून खाली बघितलंत तर मिरकरवाड्याचं बंदर दिसेल. रंगीबेरंगी निशाणं लावलेल्या होड्या, जाळी, माशांच्या टोपल्या आणि डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी. नाक मुरडू नका हं! रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची चूल या वासावर पेटते.

आता एक गंमत. किल्ल्याच्या डोंगराच्या एका अंगाला जी पुळण आहे तिला म्हणतात ‘पांढरा समुद्र’ आणि दुसऱ्या अंगाला, मांडवीकडे आहे तो ‘काळा समुद्र’. पाणी दोन्हीकडे तेच. रंग आहे तो वाळूचा. काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट अशी लोहयुक्त खनिजं असतात. ती आली कुठून? त्याच आपल्या काळ्या कातळातून, नद्यांनी झिजवून आणलेली. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, कागदात गुंडाळून काळ्या वाळूवरून फिरवा. कणांची दाढी उगवेल त्याला! मग कागद काढला की कण आपोआप गळून पडतील. पांढऱ्या वाळूत हा प्रयोग करा आणि फरक वहीत लिहून ठेवा. त्या वाळूची चिमूट तळहातावर घेऊन भिंगातून बघितलीत तर शिंपल्यांचे बारीक तुकडेही सापडतील.

मत्स्यालय बघायचं असेल तर सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात जा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. जिवंत मासे आहेतच, पण तिथला देवमाशाचा सांगाडा बघून तुमचा आ वासेल. एवढा मोठा प्राणी, पण श्वास घ्यायला त्याला आपल्यासारखंच हवेत यावं लागतं.

दुपारी गावात शिरा. टिळक आळीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आहे. २३ जुलै १८५६ रोजी इथे बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. कौलारू, साधंसुधं कोकणी घर. जवळच पतितपावन मंदिर आहे. एके काळी बऱ्याच देवळांत सगळ्यांना जाऊ देत नसत, जात विचारत. इंग्रजांनी सावरकरांना १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवलं होतं. त्या वर्षांत त्यांच्या पुढाकाराने आणि दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ साली हे देऊळ उभं राहिलं. सगळ्या जातींच्या लोकांना इथे पहिल्यापासून प्रवेश होता. आज तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही. वाटत नाही, हेच तर त्याचं यश!

दूरदेशीचा राजा

आता थिबा राजवाडा. लाल भिंती, उतरतं कौलारू छप्पर, अर्धगोलाकार लाकडी खिडक्या. हा राजवाडा कुणा मराठी राजाचा नाही. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा शेवटचा राजा थिबा याच्यासाठी इंग्रजांनी तो बांधला.

१८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला. मंडालेच्या राजवाड्यातून राजाला उचलून आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणलं. तेव्हा त्याचं वय सत्तावीस. बरोबर राणी सुपयालत आणि लहान मुली. रत्नागिरीच का? नकाशा काढा आणि बघा. एका बाजूला सह्याद्रीचे घाट, दुसऱ्या बाजूला समुद्र. आगगाडी नाही. पावसाळ्याचे चार महिने बोटीसुद्धा बंद. माणसाला जगापासून दूर ठेवायला याहून सोयीची जागा कोणती?

राजवाडा पुरा झाला १९१० साली. तोवर राजाची चोवीस वर्षं इथे गेली होती. पुढे सहाच वर्षांनी, १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. त्याची समाधी आजही गावात आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे मुद्दाम येऊन गेले. राजाची एक नात रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलंबाळं मराठी बोलत मोठी झाली.

याची दुसरी बाजूही ऐका. दिल्लीचा शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी १८५८ साली कुठे पाठवलं ठाऊक आहे? ब्रह्मदेशात, रंगूनला! १८६२ साली तो तिथेच गेला. हिंदुस्थानचा बादशहा रंगूनच्या मातीत आणि ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीच्या. राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. संध्याकाळी तिथे उभे राहाल तेव्हा त्या राजाची एकदा आठवण काढा.

दुसरा दिवस : उत्तरेची वाट

आज गणपतीपुळे. पण मोठ्या रस्त्याने नको, आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जाऊ. अंतर साधारण पंचवीस किलोमीटर. चढण संपली, वळण आलं आणि खाली एकाला लागून एक अशा दोन पुळणी दिसल्या की गाडीतले सगळे एकदम ‘अहाहा’ म्हणतात. बघाच म्हणून!

गणपतीपुळ्याचं देऊळ अगदी समुद्रालगत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. इथे डोंगरालाच गणपती मानतात. म्हणून प्रदक्षिणा घालायची ती देवळाला नाही, अख्ख्या डोंगराला. सुमारे एक किलोमीटरची वाट आहे. एक बाजू समुद्राची, एक बाजू झाडीची. आजी-आजोबांचा हात धरून चाला.

इथे एक गोष्ट मात्र मोठ्यांनी आणि छोट्यांनी, दोघांनी ऐकायची आहे. हा समुद्र दिसायला शांत, पण आत ओढणारा आहे. तळ एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते. दरवर्षी पोहता येणारी माणसंसुद्धा फसतात. घोट्याएवढ्या पाण्यात लाटेशी खेळलं तरी मजा तेवढीच येते. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारा, तो म्हणेल ‘नको’ तर नको. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही.

पुढे जेमतेम एक-दोन किलोमीटरवर मालगुंड. इथे १८६६ साली कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. हे कोण, असं विचाराल. यांनाच आपण केशवसुत म्हणतो! मराठी कविता देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या गोष्टींतून बाहेर काढून साध्या माणसाच्या मनात आणली, म्हणून त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य त्यांना मिळालं. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांच्या घराचं स्मारक केलं आहे. शाळेच्या पुस्तकात ज्यांची कविता आहे त्यांची खोली, त्यांचं अंगण बघून आल्यावर ती कविता वेगळीच वाटते की नाही, ते स्वतःच पाहा.

वेळ असेल तर आणखी पुढे जयगड. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडावर हा किल्ला पहारेकऱ्यासारखा बसला आहे. तट पुन्हा जांभ्याचेच. जवळच आता मोठं बंदर आणि वीजकेंद्रही झालं आहे. जुना पहारा आणि नवा धंदा एकाच नजरेत दिसतो. खाली जेटीवरून पलीकडच्या तवसाळला फेरीबोट जाते. मोटारीसकट बोटीत बसण्यातली गंमत काही औरच!

तिसरा दिवस : आगगाडीने बोगद्यातून

थिबा राजाच्या वेळी आगगाडी नव्हती असं मघाशी म्हटलं. ती यायला फार वर्षं लागली. डोंगर फोडत, दऱ्यांवर पूल टाकत कोकण रेल्वे बांधली गेली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी हा सगळा मार्ग प्रवाशांना खुला झाला. एके काळी माणसाला कोंडून ठेवण्यासाठी निवडलेलं गाव मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर आलं.

रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीवर या रेल्वेचा पूल आहे. उंची ६४ मीटर! म्हणजे वीस मजली इमारत पुलाखाली उभी करता येईल. उत्तरेला गेलात तर भोके आणि उक्षी या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा लागतो. लांबी साडेसहा किलोमीटर. बोगद्यात शिरताना घड्याळ बघा, बाहेर पडताना पुन्हा बघा आणि गाडीचा वेग काढा. गणिताच्या बाईंना दाखवा, खूश होतील!

उक्षीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून वेळापत्रक आधी बघून घ्या. रस्त्यानेही जाता येतं. पण उक्षीला जायचं कशाला? तर हत्ती बघायला. जिवंत नव्हे. सड्यावर, जांभ्यात कोरलेला मोठा हत्ती. पाठ, सोंड, पाय, सगळं एका रेषेत. त्याच्याभोवती कठडा बांधून त्याचं रक्षण केलेलं आहे, त्यामुळे बाजूला उभं राहून तो नीट बघता येतो.

अशा चित्रांना ‘कातळशिल्पं’ म्हणतात. आपण आपल्या सहलीच्या खऱ्या मुक्कामाला आलो. आता पायाखाली बघा!

चौथा दिवस : दक्षिणेची वाट आणि एक भला मोठा हत्ती

भाट्याचा पूल ओलांडला की सुरूच्या झाडांची लांब रांग आणि मऊ पुळण लागते. इथे नारळ संशोधन केंद्र आहे. झाडावर चढायच्या आधीच हाताला नारळ लागतील अशा बुटक्या जातीही असतात, त्या विचारून बघा. पुढे पावस. स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर झाडीत, ओढ्याकाठी आहे. आणखी पुढे मुचकुंदी नदीच्या मुखाशी चिमुकला पूर्णगड. अर्ध्या तासात बघून होतो, पण तटावरून दिसणारी खाडी डोळ्यांपुढून हलत नाही. गावखडीच्या पुळणीवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं रात्री अंडी घालायला येतात.

मग कशेळी. इथे कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं जुनं देऊळ आहे. कोकणात सूर्याची देवळं फार नाहीत, तेव्हा चुकवू नका. आणि कशेळीच्या सड्यावर आहे तो आपला दुसरा हत्ती. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद! तुमच्या शाळेचे दोन-तीन वर्ग त्यात मावतील. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. जमिनीवरचे आणि समुद्रातलेही.

एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून पुरतं दिसतच नाही. ज्यांनी काढलं त्यांनाही ते काढताना सबंध दिसलं नसणार. शिडी नाही, विमान नाही, कागदावरचा नकाशा नाही. तरी प्रमाण कसं साधलं असेल? विचार करा. शाळेच्या मैदानावर खडूने दहा मीटरचा हत्ती काढून बघा, म्हणजे कळेल किती कठीण काम आहे ते.

रत्नागिरी जिल्ह्यात आणि आसपास अशी हजाराहून जास्त चित्रं सापडली आहेत. जांभरुण गावात एकाच जागी अनेक आकृत्या आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. देवाचे गोठणे इथे तर चित्राजवळ होकायंत्राची सुईच भरकटते! काही ठिकाणी गेंडा आहे, पाणघोडा आहे. कोकणात गेंडा? आज नाही. पण चित्र काढणाऱ्याने तो पाहिला असेल, तर तेव्हाचं कोकण कसं असेल? म्हणूनच अभ्यासक म्हणतात की यातली काही चित्रं दहा हजार वर्षांहूनही जुनी असावीत. शेती, गावं, देवळं, राजे, सगळं नंतरचं.

ही चित्रं शोधली कुणी?

रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे अक्षरशः पायी पालथे घातले. एखाद-दुसरं चित्र पूर्वीपासून माहीत होतं. पण आणखी कुठे असतील, हे कसं कळणार? ते गावोगाव जाऊन गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत. आणि त्यांनी आणखी एक युक्ती केली. ते शाळांमध्ये गेले आणि मुलांना म्हणाले, तुमच्या आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे चित्रं आहेत का! मुलांनी घरी विचारलं. गुरं चारताना पाहिलेली, देवाची म्हणून सोडून दिलेली, कुणालाच न सांगितलेली चित्रं आजोबांच्या तोंडून बाहेर आली. बघा, शाळेतली पोरंसुद्धा इतिहासाचे शोधक झाली.

२०२२ साली कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक, अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळी आणि उक्षी त्यात आहेत. ‘ही जागा साऱ्या जगाचा ठेवा ठरू शकते, हिचा विचार व्हावा’ असं आपल्या देशाने जगाला सांगितलं, असा याचा अर्थ. मुख्य यादीत जायला बराच अभ्यास लागतो, आणि तोपर्यंत चित्रं जागेवर राहावी लागतात!

आता खरी अडचण

ही चित्रं लेण्यांसारखी डोंगराच्या पोटात नाहीत. छप्पर नाही, भिंत नाही, कित्येक ठिकाणी पाटीसुद्धा नाही. उघड्या सड्यावर ती पडून आहेत. सडा हा बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी मालकीचा आहे. त्या माणसाला पोट आहे. सड्यावर भात पिकत नाही. पण चिरे निघतात आणि चिऱ्यांना गिऱ्हाईक आहे. पूर्वी टिकावाने चिरे काढत, आता यंत्राची गोल करवत फिरते. काही जण कातळात सुरुंगाने खड्डे फोडतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूसची कलमं लावतात. २०१८ साली ज्या कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तो तुमचा आमचा लाडका आंबा कित्येकदा असा कातळावर वाढलेला असतो. रस्ते हवेत, घरं हवीत, कारखाने हवेत. या सगळ्यांना जागा लागते आणि सडा तर ‘रिकामा’ दिसतो.

म्हणजे बघा, दहा हजार वर्षं पाऊस-वारा झेललेलं चित्र एका दुपारी करवतीखाली जाऊ शकतं. त्यात चिरेखाणवाला दुष्ट आणि आपण शहाणे, असं मुळीच नाही. आपण ज्या घरात राहतो, जो आंबा खातो, तेही याच दगडातून आलेलं आहे. पण खाण दहा पावलं सरकवता येते. चित्र सरकवता येत नाही. चित्र तिथे आहे हे माहीत असलं, ते बघायला माणसं येऊ लागली, गावातल्या घरी चार पाहुणे जेवले, गावच्या पोरांना वाटाडे म्हणून दोन पैसे मिळाले, तर त्या जागेचा मालकही म्हणेल, ‘राहू दे हो हे चित्र!’

तुम्ही सहलीला जाता तेव्हा नुसती मजा करून येत नाही, हे ध्यानात आलं ना? काय बघायला जायचं हे तुम्ही ठरवता, आणि त्यावर काय टिकणार हे थोडंफार ठरतं.

आणि हो, सडा रिकामा दिसतो तो उन्हाळ्यात. पावसाळा संपता संपता त्याच कातळावर इवल्या इवल्या फुलांचे गालिचे पसरतात. निळीजांभळी ‘सीतेची आसवं’ त्यातलीच. नाव किती हळवं, पण ही वनस्पती चक्क किडे खाते! दगडात खाऊ मिळत नाही, मग बिचारी काय करणार?

कातळशिल्पं बघताना

– सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी सपाट दिसतं आणि पायही भाजतात.

– गावातल्या माणसाला विचारून, त्याला बरोबर घेऊनच जा. जागा कुणाच्या तरी मालकीची आहे.

– चित्रावर चढू नका. रेषेत पाय, काठी, सायकल काही नको. फोटोसाठी रेषांत खडू किंवा रंग तर अजिबात भरू नका.

– टोपी, पाण्याची बाटली, जाड तळाच्या चपला हव्यात. सड्यावर सावलीला झाड सापडेलच असं नाही.

– चिप्सचं पाकीट खिशात परत आणा. त्याऐवजी कोकम सरबत आणि आंबोळी गावातच खा. जास्त चविष्ट!

– राजवाडा, टिळकांचं घर अशी ठिकाणं बघण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

घरचा अभ्यास

ज्यांना या सुट्टीत रत्नागिरीला जाणं जमणार नाही, त्यांनी हिरमुसू नका. तुमच्या गावातही पायाखाली काहीतरी असतं. शेताच्या बांधावरचा वीरगळ, शेंदूर लावलेला जुना कोरीव दगड, विहिरीच्या पायरीवरची अक्षरं, कुणाला ठाऊक! आज रात्री जेवताना आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा, ‘तुम्ही लहान असताना रानात असं काही पाहिलं होतं का, जे आम्ही पाहिलेलं नाही?’ ते जे सांगतील ते वहीत उतरवा. ठिकाण, खूण, कोणी सांगितलं, सगळं लिहा. मग रविवारी मोठ्यांना घेऊन बघायला जा आणि शाळेत सरांना दाखवा.

रत्नागिरीच्या मुलांनी हेच केलं होतं. आता पाळी तुमची!